८.२ मीटरवर काळी माती

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतलं पाणी जाईनासं झालं. अण्णांची आंघोळ होईपर्यंत ते घोट्याला लागलं. दुपारी जाळीतून बुडबुडे यायला लागले, आणि संध्याकाळी भाकरी थापताना सडक्या अंड्यासारखा वास स्वयंपाकघरात भरला.

घर परभणीतलं, अण्णांनी १९८४ साली बांधलेलं. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांची निम्मी नोकरी गेली. त्यामुळे घरातल्या सांडपाण्याचा उतारही त्यांनी कालव्यासारखाच मोजून दिलेला. मागच्या संडास-मोरीपासून निघायचं, पडवीखालून जायचं आणि पुढच्या अंगणातल्या सेप्टिक टँकला मिळायचं. वाटेत तीन चेंबर. पाइप त्या काळचे, तपकिरी चकाकीचे, चिनी मातीचे, चार इंची, दोन-दोन फुटांचे तुकडे एकमेकांत बसवून सिमेंटनं सांधलेले. मधल्या आणि शेवटच्या चेंबरमध्ये चाळीस फुटांचं अंतर, आणि चाळीस फुटांना एक फूट उतार. चार इंची पाइपाला चाळीसात एक, हे अण्णांना आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. त्यानं मधल्या चेंबरमधून बांबूच्या कामट्या सारल्या. त्या निम्म्या वाटेवर कुठंतरी अडल्या आणि पुढं सरकेनात.

"मॅडम, आत पाइप बसलाय. पडवीपासून टाकीपर्यंत सगळं फोडावंच लागतंय बघा."

"पण नेमका कुठं बसलाय?"

"ते फोडल्याबिगर कसं कळंल?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याजवळ दुसरा उपायच नव्हता. पण ती पडवी शहाबादी फरशीची आहे, आईनं तीस वर्षं पुसून गुळगुळीत केलेली. ती फरशी आता तशी मिळत नाही, आणि अंदाजानं चाळीस फूट फोडायला माझा जीव होईना.

दुसऱ्या एकानं त्याहून वाईट तोडगा सुचवला. टाकीचं झाकण काढू, एक माणूस आत उतरवू, तो आतून पहार घालून पाइप मोकळा करेल. तासाभराचं काम. मी त्याला अंगणातूनच परत पाठवलं. २०२३ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊच्या तांड्यावर, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला अंगणातल्या त्या झाकणाकडं बघवत नव्हतं. अशा कामाला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी माझ्या दारात ते झालं नसतं. टाकी उपसायची तर सक्शनची गाडी येते, नळी आत सोडते. माणसानं वरच राहायचं.

माझा भाचा सागर छत्रपती संभाजीनगरला असतो, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रात्री त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, काहीच फोडू नका. शनिवारी मी पाइपात घालायचा कॅमेरा भाड्यानं घेऊन येतो." आणि लगेच त्यानं एक प्रश्न विचारला, ज्याचा मी विचारच केला नव्हता.

"आतापर्यंत मोरीत काय काय ओतलंय?"

टॉयलेट क्लीनरची एक अख्खी बाटली ओतली होती. शिवाय ब्लीचिंग पावडरचं पाणी बादलीत कालवून ठेवलं होतं, सकाळी ओतायला. तो एकदम गंभीर झाला. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो थेट छातीत जातो. मी शाळेत विज्ञान शिकवते. हीच अभिक्रिया मी फळ्यावर लिहिलेली आहे, आणि घरच्या मोरीत तीच करायला निघाले होते. ती बादली तशीच उचलून परसात दूर नेऊन ठेवली. दोन दिवस नुसत्या पाण्याशिवाय काही ओतायचं नाही, असं ठरलं. कॅमेऱ्याची केबल त्या पाण्यातून फिरून हातात येते, त्यामुळे आत कोणतं रसायन आहे हे आधी ठाऊक हवं.

दुसरी गोष्ट सागरनं सांगितली ती पाण्याची. पाइप गढूळ पाण्यानं गच्च भरलेला असेल तर कॅमेऱ्याला काहीही दिसत नाही. म्हणून शुक्रवारी प्लंबरनं शेवटच्या चेंबरमधून, म्हणजे खालच्या बाजूनं, सळईला स्क्रू लावून हळूहळू वर सारली. मध्येच काहीतरी सुटलं आणि पाणी भसकन आलं. त्याला आधीच बाजूला उभं राहायला सांगितलं होतं म्हणून ते अंगावर उडालं नाही. चेंबरमध्ये राहिली ती मूठ-दीड मूठ काळी माती. सांडपाण्यातून काळी माती का यावी, हा प्रश्न तिथंच मनात राहिला.

शनिवारी सकाळी साडेसातलाच सुरुवात केली. ऊन चढल्यावर वास असह्य होतो आणि माणूस घाईवर येतो. झाकणं उचलून तिन्ही चेंबर अर्धा-पाऊण तास उघडी ठेवली. देवघरातला दिवा अण्णांनी स्वतः शांत केला, उदबत्तीही लावली नाही, कारण या पाइपांतून मिथेन येऊ शकतो. सडक्या अंड्याचा जो वास असतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याची फसवणूक अशी की प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणून वास कमी झाला की धोका टळला, असं कधी धरू नये. आम्ही वाऱ्याकडं पाठ करून उभे राहिलो आणि चेंबरवर ओणवं होऊन आत तोंड कुणीच घातलं नाही. आत जे काही बघायचं ते पडद्यावर बघायचं, त्यासाठीच तर कॅमेरा आणला होता. सेप्टिक टँकचं झाकण तर आम्ही हलवलंही नाही.

शेजारची दोन लहान मुलं बघायला आली होती, त्यांना अण्णांजवळ खाटेवर बसवलं. ज्या चेंबरवर आम्ही नव्हतो त्यावर फळी टाकून वर वीट ठेवली. सागरनं कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले, गमबूट, डोळ्यांवर चष्मा. माझ्या बोटाला विळीची कापलेली जखम होती, तर त्यानं मला केबलला हातच लावू दिला नाही. पाइपात उंदीर असतात, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि त्याला शिरायला एवढीशी चीर पुरते. मला काम दिलं पडदा बघायचं आणि आकडे लिहायचं.

कॅमेरा म्हणजे एका लोखंडी चौकटीत गुंडाळलेली तीस मीटर केबल. आत फायबरग्लासची काठी, म्हणून ती ढकलली की पुढं जाते, दोरीसारखी गोळा होत नाही. टोकाला अंगठ्याएवढं स्टीलचं डोकं, २३ मिलिमीटर जाडीचं, समोर काच आणि काचेभोवती बारीक एलईडी दिव्यांचं कडं. डोक्यामागं स्प्रिंगची मान, तिच्यामुळं ते वळणावर वाकतं. डोक्यावर सागरनं प्लॅस्टिकचं एक चाकासारखं कडं चढवलं, म्हणजे ते गाळात न घासता पाइपाच्या मधोमध चालतं. पडदा बॅटरीवर चालणारा. चार्जरची वायर त्यानं घरातच ठेवायला लावली. ओल्या हातांजवळ आणि ओल्या फरशीवर विजेचा प्लग नको. केबल सोडताना चौकटीचं तोंड चेहऱ्यापासून लांब ठेवलं, कारण ती ताणानं बसलेली असते, सुटली तर फटका मारते.

"संडासातूनच का नाही घालत?" मी विचारलं. त्या भांड्याखाली जो वळसा असतो त्यात डोकं अडकतं, आणि ओढाओढीत भांडं तडकतं, असं तो म्हणाला. म्हणून मधल्या चेंबरमधून, पाण्याच्या वाहत्या दिशेनं. डोकं पाइपाच्या तोंडाशी ठेवून मीटरचा आकडा शून्यावर आणला. मी मोरीतून अर्धी बादली पाणी सोडलं. ओल्या पाइपात केबल सरकते, कोरड्यात घासते.

पडद्यावर तपकिरी बोगदा उघडला. दर साठ सेंटीमीटरला सांध्याचं एक वर्तुळ यायचं आणि मागं जायचं. चाळीस वर्षांनंतरही त्या पाइपांची चकाकी शाबूत होती. चिनी मातीला सांडपाण्यातली आम्लं फारशी खात नाहीत. अण्णा खाटेवरून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. स्वतः जमिनीत पुरलेली गोष्ट त्यांनी तेव्हापासून पाहिलेली नव्हती.

३.९ मीटरवर वरच्या सांध्यातून केसांसारखी मुळं लोंबत होती. कुंपणाजवळचा उंबर. अजून बारीक होती, पण त्यांच्यात एक चिंधी अडकलेली. लिहून घेतलं, पुढं गेलो. ६.६ वर काचेच्या खालच्या कडेला पाणी दिसलं. आधी कोरडा असलेला तळ आता पाण्याखाली, मग अर्धा पाइप पाण्यात, आणि ७.५ ला पडदा पूर्ण गढूळ.

"झोळ पडलाय," अण्णा म्हणाले. पाळण्याला मध्ये जशी झोळ पडते तसा पाइप मध्ये खाली बसला होता, आणि त्या खळग्यात पाणी नि गाळ साठत होता. सागर एका हातानं बेताबेतानं सारत होता. ८.२ वर डोकं किंचित वर आलं, पाणी ओसरलं आणि समोर पाइपाच्या कडेला चंद्रकोरीसारखी फट दिसली. दोन पाइप एकमेकांतून निसटले होते, पुढचा दोन बोटं वर. फटीतून आत ओली, चकचकीत काळी माती आली होती. माझ्यासमोरच तिचा एक गोळा सुटून पाण्यात पडला.

इथं कॅमेऱ्याचं डोकं अडकलं. सागर मागं घेऊ लागला, तर प्लॅस्टिकचं कडं निसटलेल्या पाइपाच्या ओठाला अडलं. माझ्या तोंडून पटकन निघालं, "ओढ की." तो म्हणाला, "नाही मावशी. ओढलं की मान तुटते, आणि डोकं आत राहिलं की मग खरंच फोडावं लागतं." त्यानं केबल ढिली सोडली. हातभर पुढं सारली. अर्धा पीळ दिला. मी वरून बादलीभर पाणी सोडलं. पुन्हा हळू मागं. पुन्हा अडलं. पुन्हा पुढं, आता उलट्या बाजूनं पीळ. असं वीस-पंचवीस मिनिटं चाललं. त्याच्या कपाळावरचा घाम चष्म्यात उतरत होता, पण मोज्याच्या हातानं त्यानं तो पुसला नाही. मी पदरानं टिपला. चौथ्या-पाचव्या खेपेला पडद्यावर फट हळूच मागं गेली आणि डोकं मोकळं झालं. भाड्यानं देणाऱ्यानं सांगितलेली एकच गोष्ट त्यानं मनाशी धरली होती: कॅमेरा बघायला आहे, ठोसायला नाही.

सुटल्यावर त्यानं डोकं पुन्हा अगदी फटीच्या अलीकडं नेऊन ठेवलं आणि वरची जागा शोधायचं यंत्र काढलं. कॅमेऱ्याच्या डोक्यात एक छोटा ट्रान्समीटर असतो, ५१२ हर्ट्झचा. हातातलं यंत्र जमिनीवरून फिरवलं की जिथं आवाज सर्वांत मोठा येतो, त्याच्या बरोबर खाली डोकं. पडवीच्या तिसऱ्या खांबाजवळ आवाज टिपेला गेला. खोली दाखवली ७० सेंटीमीटर. मी खडूनं फुली मारली.

अण्णा आत गेले आणि जुनी डायरी घेऊन आले. घर बांधतानाची. पेन्सिलीनं काढलेला नकाशा, सगळी मापं फुटांत. त्यांनी मधल्या चेंबरपासून फुली कुठं येते ते टेपनं मोजलं: २७ फूट. मी मनात हिशेब केला, ८.२ मीटर म्हणजे जवळजवळ तेवढंच. मग त्यांनी टेप आडवा धरला, मागच्या बोअरकडून पाण्याच्या टाकीकडं. बोअरच्या पाइपाची चारी इथूनच गेली होती.

तो बोअर २०१६ चा. त्याच वर्षीच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या नळाला तेव्हा पंधरा दिवसांनी पाणी यायचं, आम्ही घाईनं बोअर घेतला. चारी खणणारे मोटारीचा पाइप टाकून, उकरलेलीच काळी माती परत लोटून, एका दिवसात निघून गेले. अण्णा तेव्हा गावी होते. ते असते तर मुरूम टाकून ठोकून घेतल्याशिवाय त्यांनी कुणाला जाऊ दिलं नसतं.

आपल्या काळ्या मातीचं हे वागणं शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी प्याली की फुगते, मे महिन्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, ते पाणी थरांमध्ये शोषून घेतं. न ठोकलेल्या चारीत ही माती दर उन्हाळ्यात खाली बसणार, दर पावसाळ्यात वर उचलणार. चिनी मातीचा कडक पाइप, त्याचा सिमेंटचा सांधा, दोन्हींना लवचिकता नाही. एवढ्या वर्षांत तो सांधा किती वेळा वर-खाली झाला असेल! त्यात दुष्काळाच्या वर्षांत आम्ही पाणी जपून वापरायचो. कमी पाण्यानं मैला पुढं वाहत नाही, झोळीत बसतो.

आणि तेव्हा मला जे सुचलं त्यानं पोटात गोळा आला. त्या फुलीपासून बोअर जेमतेम पंधरा फुटांवर. नळाला पाणी नसलं की आम्ही त्याच बोअरचं पाणी प्यायचो.

मोटार तिथल्या तिथं बंद केली. शाळेच्या गावच्या जलसुरक्षकाकडून एच-टू-एस चाचणीची बाटली आणली. त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकायचं आणि उबेत ठेवायचं. मी ती स्वयंपाकघरात डब्यांमागं ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली तर पाणी शाईसारखं काळं. पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची ती खूण. अण्णांचं वर्षभर जे पोट बिघडत होतं त्याचा डॉक्टरांना लावता न आलेला संबंध इथंच होता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पण ती बाटली मी विसरणार नाही.

दुरुस्ती दोन दिवसांची. तोच प्लंबर, सोबत एक गवंडी. चाळीस फुटांऐवजी सहा फरशा काढल्या, छिन्नीनं, अखंड, भिंतीला टेकवून ठेवल्या. खाली खणलं तर खडूच्या फुलीपासून वितीभर अंतरावर सांधा सापडला. प्लंबर उकिडवा बसून बराच वेळ त्याकडं बघत होता. म्हणाला, "मॅडम, हे मशीन आपल्या परभणीत पाहिजे ओ. आम्ही उगी लोकांची घरं फोडतो." बिघडलेले चिनी मातीचे चार तुकडे काढून तिथं ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्यासाठीचा प्लॅस्टिकचा पाइप घातला, रबर रिंगच्या सांध्याचा, कारण रबराला जमिनीबरोबर थोडं हलता येतं. खाली आणि भोवती वाळू, वर थरावर थर ठोकलेला मुरूम. बोअरच्या चारीतली माती तेवढ्या भागात उपसून तिथंही मुरूमच. उतार गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं पाहिला, आणि अण्णांनी स्वतः वाकून दोन्ही टोकं तपासली.

फरशा बसवायच्या आधी सागरनं कॅमेरा परत घातला. या वेळी ८.२ वर पांढरा स्वच्छ तळ, पाण्याची बारीक धार पुढं निघून गेलेली. केबल ओढताना तो दर हातभर अंतरावर फडक्यानं पुसत होता, फडकं वेगळ्या पिशवीत. शेवटी डोकं आणि केबल साध्या पाण्यानं धुतली, मग ब्लीचच्या पातळ पाण्यानं, मग पुन्हा साध्या पाण्यानं. हातमोजे काढायच्या आधी ते साबणानं धुतले आणि मग उलटे करून काढले. नंतरच त्यानं चहाचा कप हातात घेतला.

बोअरमध्ये क्लोरीन टाकून, पाणी बरंच उपसून, तीन आठवड्यांनी दुसरी बाटली भरली. अठ्ठेचाळीस तासांनीही ती काळी झाली नाही. तरी पिण्याचं पाणी मी उकळूनच ठेवते, आणि आणखी दोन बाटल्या फडताळात आहेत, दर महिन्याला एक.

३.९ मीटरवरची उंबराची मुळं मात्र अजून तशीच आहेत. ती आत्ता त्रास देत नाहीत, पण उन्हाळ्यात मुळं पाण्याच्या शोधात जास्त जोरानं आत शिरतात. शिवाय नव्या-जुन्या पाइपाचे दोन सांधे आहेत, आणि माती सर्वांत जास्त आकसलेली असते ती मे महिन्यात; ते उघडे पडायचे असतील तर तेव्हाच पडतील. अक्षय्य तृतीयेनंतरचा शनिवार सागरला आत्ताच सांगून ठेवला आहे. या वेळी केबल तोच धरेल, पण माझ्यासाठीही कोपरापर्यंतचे मोजे आणायला सांगितलेत.